झिजलेली कड

पुरण झालं की नाही, हे आमच्या घरात डाव सांगतो. डाळ-गूळ आटत येतं, कढईची कड सोडायला लागतं, तेव्हा आई फडताळाच्या वरच्या खणातून एक जुना लाकडी डाव काढते, पुरणाच्या मधोमध रोवते आणि हात बाजूला घेते. डाव उभा राहिला तर पुरण झालं. कलला तर अजून दोन-चार मिनिटं. घोटायला मात्र ती दुसराच डाव घेते. लहानपणी एकदा मी विचारलं होतं की हा एवढा छान डाव असताना तो कशाला. "तो माझ्या हाताला बसत नाही," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

हा डाव माझ्या पणजीचा. ती रत्नागिरीकडची, लग्न होऊन बडोद्याला आली आणि इथलीच झाली. डावाचा दांडा हातभर लांब, टोकाला भोक आणि त्यात काळी पडलेली सुतळी. रंग जुन्या गुळासारखा. वाटी फार खोल नाही, आणि ती सारखीही नाही. एका बाजूची कड सरळ तिरपी उतरलेली आहे, जणू कुणी मुद्दाम छाटली असावी. माझी कित्येक वर्षं अशीच समजूत होती की करणाऱ्याने तो कोपरा कढईच्या बुडाला लागावा म्हणून तसा काढलाय.

मी स्वतः डाव करायला लागले ते २०२४ च्या पुरानंतर. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते दिवस बडोद्यातलं कुणी विसरणार नाही. आम्ही अकोट्याला राहतो. पाणी ओसरलं, चिखल उपसला, गाद्या फेकल्या, आणि त्या सगळ्यात परसातला पेरू हळूहळू एका अंगाला झुकत गेला. मुळाखालची माती सैल झाली होती. एका रात्री वारा सुटला आणि सकाळी झाड कुंपणावर आडवं. बाबांनी लावलेलं झाड. फांद्या उचलून न्यायला माणूस आला, तेव्हा मनगटाएवढ्या जाडीचे चार तुकडे मी बाजूला काढून ठेवले. का ठेवले, ते तेव्हा सांगता आलं नसतं. टाकवेना, एवढंच.

ते तुकडे घेऊन मी वाडीतल्या सुथारकाकांकडे गेले. आमच्या दारं-खिडक्यांची कामं ते पूर्वीपासून करतात. आता वय झालंय, दुकान मुलगा बघतो, तिथे सगळं प्लायवूड आणि लॅमिनेट. काका मागच्या पडवीत बसून जुन्या खुर्च्यांचे पाय बसवतात. त्यांनी पेरूचा तुकडा हातात घेतला, नखाने साल उचकटली, वास घेतला. "जामफळ," म्हणाले. "सारुं छे. पण बेन, हमणांज करो. सुकाई जशे तो हाथ दुखशे."

लाकूड वाळवून मग कामाला घ्यायचं, अशी माझी कल्पना. टेबल-खुर्चीला ते खरंच आहे. डावाचं उलटं. ओलं लाकूड लोण्यासारखं नाही तरी कच्च्या पपईसारखं कापलं जातं, आणि तोच पेरू वाळला की हत्यार घसरतं. पेरू दाट, बारीक रेषांचा, म्हणून तर त्याचे हत्यारांचे दांडे करतात. तेव्हा ओला असताना आकार द्यायचा, सावकाश वाळवायचा आणि शेवटचा हात वाळल्यावर फिरवायचा. एका दिवसात जमणार नसेल तर उरलेले तुकडे ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये. आमच्या फ्रीजरमध्ये त्या महिन्यात मटारांशेजारी पेरूची लाकडं होती आणि आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून तिला काहीतरी कळलं असावं.

पहिला धडा फोडण्याचा. मी करवत काढली, काकांनी ती काढून घेतली. करवत आपल्याला हवी तिथून जाते, लाकडाच्या रेषा मधेच तोडून. त्यांनी जुना कोयता लाकडाच्या तोंडावर ठेवला आणि पाठीवर मोगरीने दोन ठोके दिले. तुकडा स्वतःच्या रेषेनेच फाटत गेला. जरासा बाक होता तिथे फाटही बाक घेऊन गेली. असा फाटलेला दांडा बारीक तासला तरी मोडत नाही, कारण त्याच्या शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतात. मग अगदी मधला गाभा काढून टाकायचा. झाडाची फांदी वाळताना परिघाच्या अंगाने जेवढी आक्रसते, त्याच्या साधारण निम्मीच मध्याच्या दिशेने आक्रसते. गाभा आत राहिला की ही ओढाताण त्याच्याभोवती फिरते आणि लाकूड तडकतं. मी हे ऐकलं, मान डोलावली, आणि घरी जाऊन पहिला डाव गाभ्यासकट केला. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या बरोबर मधून तडा. तो डाव मी अजून ठेवलाय.

काकांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, त्यांच्या भाषेत वांसलो, ट्रकच्या मोडक्या पाट्याच्या पोलादातून लोहाराकडून घडवून घेतलेला. कमानीच्या पाट्याचं पोलाद धार धरतं. ते जमिनीवर बसतात, लाकूड दोन पायांच्या मध्ये, अंगठ्यांनी दाबून धरलेलं, आणि वाकस अंगठ्यापासून दोन बोटांवर पडतो. मला ते बघवेना. मी एक ओंडका घेतला, त्यात खाच पाडली आणि लाकूड त्यात टेकवून तासायला शिकले. वाकसाने पाठ येते, दांड्याचा बाक येतो, ढोबळ आकार येतो. ढलप्या उडतात, आणि ओल्या पेरूच्या ढलपीला फळाचा नाही, पण पानं चुरडल्यावर येतो तसा हिरवट तुरट वास येतो. दोन तासांनी हाताला तोच वास.

वाटी कोरायला गोल पटाशी लागते. ती मला माझ्या आजोबांच्या पेटीत सापडली. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ही संस्था, पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. धंदेशिक्षण मुलांना त्यांच्या भाषेत मिळावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्यात सामावलं. आज तिथून जाणाऱ्या पोरांना ते फक्त इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून माहीत. आजोबांच्या पटाशीवर गंज चढला होता. कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून मी ती तीन संध्याकाळी घासली, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर फिरवली. धार आली हे कसं ओळखायचं, तर लाकडाच्या आडव्या तोंडावर पटाशी दाबायची. बोथट असेल तर लाकूड चुरगळतं, पांढरट पडतं. धार असेल तर काप चकाकतो.

वाटी कोरताना मी बराच काळ चुकत होते. दांड्याकडून सुरू करून सरळ टोकापर्यंत पटाशी रेटायची, असं मी करायचे. अर्ध्या वाटेपर्यंत ती छान उतरते, तळ गाठते, आणि समोरच्या चढाला लागली की लाकूड उचकटून निघतं. काका म्हणाले, "ढाळ ढाळ. ऊपर नहीं जाना." हिंदी, गुजराती आणि थोडी मराठी असं सगळं मिळून ते माझ्याशी बोलतात. दोन्हीकडून उतारावर यायचं, तळाशी थांबायचं, परत दुसऱ्या कडेवरून उतरायचं. प्रत्येक बाजूचा उतार वेगळा, कुठे गाठ असली तर तिच्याभोवती परत वेगळा. मी घाई केली की ते हातोडी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "उतावळे आंबा न पाके." एवढ्या वेळा ऐकलं की आता कुकरची शिट्टी होत नसली तरी मला तेच आठवतं.

मधे एकदा संखेड्याला जाऊन आले. डभोईवरून पुढे, ओरसंगच्या काठी. तिथले खरादी सागाचे पाय, दांड्या, झोपाळे संघाड्यावर, म्हणजे लेथवर, फिरवतात आणि लाखेने रंगवतात. आधी लाकडावर कथलाच्या भुकटीचे रुपेरी वेल काढतात, वरून लाखेचा थर बसला की तेच रुपेरी सोनेरी दिसायला लागतं. डोळ्यांसमोर रंग पालटताना बघणं फार सुंदर आहे. पण मी गेले होते ते डाव विचारायला, आणि तिथे लाटणी होती, पोळपाट होते, डाव नव्हता. परत येताना गाडीत बसल्यावर उमगलं की तो असणारच नाही. संघाडा एका आसाभोवती फिरतो. त्यावर दांडा होईल, वाटीही होईल, पण वाटी आणि दांडा यांचे आस वेगळे. दोन्ही एका लाकडात हवे असतील तर ते हातानेच काढावे लागणार.

वाळवण्याबद्दल थोडं सांगते, कारण डाव तिथे जातात. कोरलेला ओला डाव उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत फाटतो. लाकडाचं पाणी कापलेल्या तोंडांतून सगळ्यात आधी पळतं. तोंडं वाळतात, मधला भाग ओलाच, आणि तडा जातो. जुनी माणसं ओंडक्याच्या तोंडांना शेण थापून ठेवायची ती याचसाठी. मी डाव त्याच्याच ढलप्यांत पुरून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवते आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. यावेळचा १४२ ग्रॅमवर सुरू झाला आणि रोज थोडा थोडा उतरत ९३ वर आला. लागोपाठ तीन दिवस ९३. मग वाळला समजायचं. बोटाने टिचकी मारली की आवाजही बदललेला असतो.

वाळल्यावर धारदार चाकूने पातळ, लांब काप घेत शेवटचा हात फिरवायचा. काचकागदाने लवकर गुळगुळीत होतं, पण कागद लाकडाचे तंतू कापत नाही, खरवडतो. पहिल्या आमटीत ते तंतू फुलून उभे राहतात आणि डाव खरखरीत होतो. नंतर तेल. इथे मी दोनदा फसले. घरात शेंगदाण्याचं तेल होतं ते लावलं, महिन्याभरात खवट वास. ते कधी वाळतच नाही. मग रंगाच्या दुकानातून 'उकळलेलं' जवस तेल आणलं. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते दाराला ठीक, जेवणाच्या भांड्याला नाही. खायचं, घाणीचं, साधं जवसाचं तेल हवं. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं, लाकडाच्या आतच. तीन-चार हात, प्रत्येक हाताला दोन-तीन दिवस. आणि तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, दोरीवर पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेटू शकतं.

लाकूड मी विकत आणत नाही. पावसाळ्याच्या आधी सोसायट्यांमध्ये फांद्या छाटतात, त्यात चिकू मिळतो, बोर मिळते, एकदा चिंच मिळाली आणि हातांनी आठवडाभर बोलणं सोडलं, इतकी ती कठीण. कण्हेर कधीच नाही, ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी. शिसव सुरेख, पण ते जंगलातून इतकं तोडलं गेलंय की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि डावासारख्या छोट्या गोष्टीसाठी ते मागणं मला बरं वाटत नाही. पूर्वी एका प्रदर्शनातून 'हाताने केलेला' म्हणून एक चमचा घेतला होता. दुसऱ्याच खिरीत व्हार्निशचे पापुद्रे तरंगायला लागले. दुधासकट खीर टाकून द्यावी लागली. ती चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आणि लाकडीच का, तर आमच्याकडे पितळेची कढई आहे, कल्हईची. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील मऊ. स्टीलच्या उलथण्याने ती दोन महिन्यांत खरवडून निघते, खालचं पितळ उघडं पडतं आणि चिंचेची आमटी कळकते. लाकूड कल्हईला दुखवत नाही. कल्हईवाला आता शोधावा लागतो, त्यामुळे ही काळजी पूर्वीपेक्षा जास्त घ्यावी लागते.

तर, पाचवा डाव बरा जमला तेव्हा मी ठरवलं की पणजीच्या डावाची हुबेहूब जोडी करायची. कागद ठेवून आकार काढला, दांड्याची जाडी सुतळीने मोजली, आणि ती तिरपी कडही तशीच्या तशी उतरवली. त्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवला. होळीच्या दोन दिवस आधी आईच्या हातात दिला. तिने उलटापालटा करून पाहिला, दांडा आवडला, वजन आवडलं. कढईत डाळ होती, तिच्यात घालून चार वेळा फिरवला. मग बाहेर काढला. "हा पण नाही बसत गं."

मी दोन्ही डाव घेऊन काकांकडे गेले. मनातून हिरमुसले होते. काकांनी माझ्याकडे नाही, जुन्या डावाकडे पाहिलं. दांडा आपल्याकडे, वाटी वर, असा धरला. झिजलेली कड उजव्या अंगाला आली. त्यांनी तो उजव्या हातात घेऊन हवेत कढई खरवडल्यासारखा फिरवला. थांबले. डाव्या हातात घेऊन फिरवला. मग अंगठा त्या कडेवरून नेला, अगदी सावकाश, दोनदा.

"आ कापेलुं नथी," म्हणाले. "घसायेलुं छे."

कापलेलं नाही, झिजलेलं. उजव्या हाताने ढवळणाऱ्याच्या डावाची डावी कड भांड्याला लागते, वर्षानुवर्षं तीच झिजते. ही उजवी कड होती. जवळजवळ पाऊण इंच गेलेली.

"डाबोडीनो छे, बेन. डाबा हाथवाळानो."

मागच्या बाजूला भोकापाशी त्यांनी चाकूच्या टोकाने एक केसाएवढी ढलपी उचलली. आत लाकूड अजून पिवळं होतं, हळदीसारखं. फणस. कोकणातून आलेला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही, पण हात हळू झाला. पणजी तिची आजेसासू. आई लग्न होऊन आली तेव्हा पणजी पासष्टीच्या पुढे होती आणि सणाचं पुरण अजून तीच घोटायची.

"आजेसासूबाईंचं सोवळं फार कडक," आई म्हणाली. "पुरण घोटायला बसल्या की आम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. 'बाहेर थांबा, मी बोलावते,' म्हणायच्या. दाराकडे पाठ करून बसायच्या. मी उंबऱ्यात उभी असायची, वाटायचं मी काही तरी शिवीन म्हणून." मग बराच वेळ काही नाही. "वाढायला उठल्या की डाव उजव्या हातात असायचा. पंगतीत मी त्यांना कधी डाव्या हाताने काही करताना पाहिलं नाही."

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर बोलले असते. डावखुऱ्या सुनेला त्या काळी कुणी गप्प बसू दिलं असतं का?"

मी माझ्या डावाची तिरपी कड तासून काढली, वाटी आखूड झाली पण दोन्ही बाजूंनी सारखी झाली. परत तेलाचे हात द्यायला वेळ नव्हता, एकच दिला. होळीच्या दिवशी आईने त्याच डावाने पुरण घोटलं. मी वेलची कुटत होते. पुरणाने कड सोडली तेव्हा तिने नेहमीप्रमाणे पणजीचा डाव काढला, मधोमध रोवला. तो उभा राहिला. तरी तिने तो लगेच काढला नाही. नवा डाव ताटलीत ठेवला, पदराला उजवा हात पुसला, आणि जुना डाव डाव्या हातात घेतला. तिला ते जड गेलं, कोपर बाहेर जात होतं, मनगट वळत नव्हतं. दोन-तीनदा पुरण नुसतंच ढकललं गेलं. मग ती तिरपी कड कढईच्या बुडाला सपाट टेकली आणि एका फेरीत तळाला चिकटलेलं सगळं पुरण उचलून आली.

आईने परत एक फेरी मारली. मग आणखी एक.

"गॅस बारीक कर," ती म्हणाली. "आणि ते दार जरा लोटून घे."